परत आला म्हणून बिघडलं कुठे?

२६ जुलै २०२५ला ‘चला हवा येऊ द्या’ झी मराठीवर परत आलं आणि पहिला भाग संपायच्या आत लोकांनी निकाल देऊन टाकला. निलेश साबळे नाहीत, भाऊ कदम नाहीत, सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर, तेव्हा हे ते नव्हेच. कार्यक्रमातली थुकरटवाडी संपली तेव्हा संपली, आता शिळ्या कढीला ऊत कशाला? मुंबई-पुण्यात हे बोललं गेलं, तसं आमच्या ब्रह्मपुरी-नागभीडच्या पानठेल्यांवरही बोललं गेलं. जुन्याची मजा गेली, परत आणायलाच नको होतं.

एका टीव्ही कार्यक्रमापुरतं हे असतं तर मी लेखणी उचलली नसती. पण हेच वाक्य दर हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीच्या रंगमंचावरच्या विनोदी नटाला ऐकावं लागतं. दोन-तीन हंगाम आजारपणात, घरच्या अडचणीत किंवा नाटक कंपनीशी न जमल्यामुळे बाहेर राहिलेला नट परत उभा राहतो आणि पडदा उघडायच्या आधीच लोक म्हणतात, आता तो पहिला राहिला नाही. टीव्हीच्या पडद्यावरच्या नटाला हे बोलणं लागत असेल, नसेल. झाडीपट्टीच्या नटाला ते नक्की लागतं, कारण त्याच्या ‘नाईटी’, म्हणजे प्रयोग, त्यावर ठरतात. म्हणून या म्हणण्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी टीव्हीचंच पाहू. ‘चला हवा येऊ द्या’ ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२४मध्ये थांबलं. साडेनऊ वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन-तीन वर्षं हेच प्रेक्षक काय म्हणत होते, ते आठवा. तेच तेच चाललंय, आता बंद करा. ते बंद झालं तेव्हा फार थोड्यांना हळहळ वाटली. वर्ष-सव्वा वर्षात तोच कार्यक्रम सोन्याचा झाला. हे घडलं कसं? लोकांच्या मनात त्या साडेनऊ वर्षांतले मोजके प्रवेश उरले. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमन होऊन वाचलेली पत्रं उरली. भाऊ कदमांची शांताबाई उरली. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली उरली, आणि ती तर आम्हा विदर्भवाल्यांना घरचीच. बाकीचे रटाळ भाग, ओढूनताणून केलेल्या चित्रपटांच्या जाहिराती, चुकलेले विनोद सगळे विसरले गेले. मग परत आलेल्या कार्यक्रमाचा पहिलाच भाग त्या निवडक प्रवेशांशी तोलला गेला. असा तराजू लावला तर २०१४चा पहिला भागसुद्धा नापास होईल. जुने भाग आजही पाहायला मिळतात. ज्याला शंका असेल त्याने कुठलेही सलग पाच भाग काढून बसावं.

दुसरा मुद्दा अधिक जोरात मांडला जातो: नट बदलला की पात्र मेलं. मराठी विनोदाचा इतिहास थोडा तरी माहीत असलेल्या माणसाने हे म्हणू नये. चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर सत्तरीच्या दशकात दिलीप प्रभावळकरांनी उभा केला आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्याच्या शेजारी उभा राहिला. त्या पिढीला वाटतं, चिमणराव म्हणजे प्रभावळकरच. पण १९४०मध्ये मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि त्या वेळच्या प्रेक्षकांसाठी चिमणराव म्हणजे दामुअण्णा. प्रभावळकर आले तेव्हा त्या जुन्या प्रेक्षकांनी ‘दामुअण्णांशिवाय चिमणराव नाही’ म्हणून टीव्ही बंद केला असता, तर आपल्याला दुसरा चिमणराव मिळालाच नसता.

‘मोरूची मावशी’चा प्रवास तर याहून लांबचा. ब्रँडन टॉमस या इंग्रजाने ‘चार्लीज आंट’ लिहिलं, ते १८९२मध्ये लंडनमध्ये आलं आणि त्या पहिल्या फेरीतच त्याचे १४६६ प्रयोग झाले. बाईच्या वेशातला तो पुरुष देशोदेशी फिरला, नट बदलले, भाषा बदलल्या. आचार्य अत्र्यांनी त्याला मराठी मावशी केलं. पुढे ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ही मावशी अशी काही रंगवली की दुसरं कुणी ती करेल असं वाटेना. तरीही नंतर भरत जाधव त्या भूमिकेत उभे राहिले. चव्हाणांची मावशी त्यामुळे पुसली गेली का? ज्यांनी ती पाहिली त्यांच्याजवळ ती आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांना भरत जाधवांची मिळाली. यात कुणाचं काय गेलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

हाच वाद इंग्लंडमध्येही वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे स्टीव्ह कूगन या नटाचं ॲलन पार्ट्रिज नावाचं पात्र १९९१मध्ये रेडिओवर जन्मलं. नॉर्विच गावचा, स्वतःला फार मोठा समजणारा, तोंडाने सतत स्वतःचा घात करणारा निवेदक. १९९७ची त्याची मालिका चाहत्यांनी डोक्यावर घेतली. २००२मध्ये तो परत आला तेव्हा पहिल्यासारखा नाही म्हणून कुरकुर झाली. मग २०१०मध्ये तो छोट्या रेडिओ केंद्रावरचा निवेदक म्हणून इंटरनेटवर आला, आणि लिहिणारेही बदलले होते. रॉब आणि नील गिबन्स हे दोन भाऊ लेखनात आले. चाहत्यांच्या हिशेबाने पात्र तिथेच मरायला हवं होतं. पण उतरणीला लागलेल्या, केस विरळ झालेल्या, तरीही माइक न सोडणाऱ्या माणसाचं फार बारकाईचं चित्र त्या लेखनातून उभं राहिलं. पुढे २०१९मध्ये तो बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर परतला आणि २०२५मध्ये पुन्हा आला. चौतीस वर्षं झाली. दर वेळी ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर पात्र २००२लाच थांबलं असतं आणि त्याचा सगळा उत्तरार्ध, जो मला पूर्वार्धापेक्षा खोल वाटतो, लिहिलाच गेला नसता. विनोदी पात्राला म्हातारं होऊ द्यावं लागतं. तरुण पार्ट्रिजचा उद्धटपणा नुसता हसवतो, साठीकडे झुकलेल्याचा हसवतो आणि पोटात कालवतोही.

आता आमच्याकडे येऊ, कारण या प्रश्नाचं उत्तर मी लंडनहून आणलेलं नाही, ते मला इथल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मिळालं.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, भाऊबीज झाली की नाटकं सुरू होतात. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात. गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात, विसार देतात. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो, प्रेक्षकांना दिसावं म्हणून जमीन उतरती खोदतात, मातीचा मंच चढवतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, सोयरिकीही याच दिवसांत जुळतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटे मिटतो. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघाचं भय खरं आहे, तरी माणसं घोळक्याने येतात आणि फटफटल्यावर घोळक्यानेच जातात. कुणी खुर्चीचं तिकीट काढतं, कुणी जमिनीवर तणस टाकून बसतं, बायाबापड्या चादरीत लेकरं गुंडाळून बसतात.

या सात-आठ तासांच्या नाटकाला विनोदी नट धरून ठेवतो. कथा बहुतेक रडवणारी असते, संसार मोडलेला, सून छळलेली, शेतकरी कर्जात बुडालेला. रात्री दोन वाजता लोकांचे डोळे मिटू लागतात तेव्हा विनोदी जोडी येते. तालमी थोड्याच झालेल्या असतात, समोर प्रॉम्प्टर बसलेला असतो, वरून लोंबणाऱ्या माइकखाली येऊन बोलायचं असतं. लिहिलेला विनोद दहा मिनिटांचा असला तर तो वीस मिनिटांचा करायचा की पाच मिनिटांत गुंडाळायचा, हे समोरच्या अंधारातला आवाज ठरवतो. गावच्या सरपंचाचं नाव, त्या दिवशी पटात फसलेली बैलजोडी, रस्त्यातला खड्डा, सगळं त्याच रात्री विनोदात येतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तोच प्रवेश वेगळा होतो. त्यामुळे इथे ‘मूळ’ असं काही नसतंच. ज्याला तुम्ही मूळ म्हणता ती तुम्ही पाहिलेली एक रात्र असते. शेजारच्या गावाने पाहिलेली रात्र वेगळी होती.

नागभीडच्या बाजूला एका गावात मी एक म्हातारा विनोदी नट पाहिला. काही हंगाम तो मंचावर नव्हता. पूर्वी त्याचा प्रवेश कोलांटी मारून होत असे आणि त्याच्या नुसत्या कोलांटीला शिट्ट्या पडत. आता गुडघे गेलेले. तो विंगेतून हळूच चालत आला. अंधारातून एक पोरगा ओरडला, ‘कोलांटी मार नं गा!’ म्हातारा थांबला. आवाज आला त्या दिशेला कपाळावर हात धरून पाहिलं, काठी बाजूला ठेवली, मंचावर फतकल मारली आणि म्हणाला, ‘येनं गा तू वर. लोट मले मागून, मंग मारतो.’ पोरगा खरंच वर चढला. मग त्या दोघांचं जे चाललं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, प्रॉम्प्टरने कागद मिटून ठेवला होता. पोराने लोटलं, म्हातारा आडवा झाला आणि आडव्यानेच त्याला घरच्या धानाचा भाव विचारू लागला. नायिकेला पाच मिनिटं उशिराने यावं लागलं. कोलांटी गेली होती, आणि ती गेली म्हणूनच हे आलं. त्या नटाच्या तरुणपणी हा प्रवेश होऊच शकला नसता. सोबतचे काही लोक तरीही परतीच्या वाटेवर म्हणत होते की पहिल्यासारखी मजा नाही. मी त्यांना तेव्हाही विचारलं होतं, मग तुम्ही हसत कशाला होते?

आता कुणी म्हणेल, एका रात्रीवरून काय सिद्ध होतं. मग कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांच्याकडे पाहा. झाडीपट्टीच्या या विनोदी नटाला लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. पाच हजारांवर प्रयोग, आठशे वेगवेगळ्या भूमिका, आणि २०२३मध्ये पद्मश्री. आठशे भूमिका करणाऱ्या माणसाला लोक ओळखायचे ते एका भूमिकेवरून नव्हे. दर हंगामात तो नवं नाव, नवा वेश घेऊन येई आणि तरी तोच असे. लोक त्याला पुन्हा पाहायला येत, पुन्हा पाहण्यासाठीच येत. ‘एकदा पाहिलं, आता पुरे’ हा हिशेब लावला असता तर पाच हजारांतले चार हजार नऊशे प्रयोग झालेच नसते. विनोदी नट हा परत येणाराच प्राणी आहे. शोकान्त नायक एकदा मरतो आणि त्याचं काम संपतं. विनोदी पात्र मार खातं, पडतं, फजीत होतं आणि पुढच्या प्रवेशात उठून येतं. हीच त्याची जात आहे. त्याने परत यावं, पण ‘आमच्या वेळचा’ होऊन यावं, असं म्हणणाऱ्याला पात्र नको असतं, स्वतःचं गेलेलं वय हवं असतं. ते हवं असण्यात गैर काही नाही. पण त्याची वसुली नटाकडून करू नये.

चाहत्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणत नाही. विनोद पडला तर पडला म्हणण्याचा हक्क पैसे देऊन बसलेल्या माणसाचा आहेच. आमच्याकडे तो वाजवून घेतला जातो. विनोद रंगला नाही की मागून शिट्ट्यांचा सूर बदलतो, बाया लेकरं उचलून चहाच्या दुकानाकडे निघतात, आणि नटाला ते लगेच कळतं. पुढच्या दोन मिनिटांत तो गाडी रुळावर आणतो किंवा आत जातो. टीव्हीवरच्या नटाला ही सोय नाही. त्याच्यासमोर निवडून बसवलेले प्रेक्षक आणि नंतर भरलेला हशा असतो. म्हणून टीव्हीच्या प्रेक्षकाची नाराजी तुंबून राहते आणि मग सगळी एकदम नव्या माणसाच्या अंगावर ओतली जाते. ती माध्यमाची अडचण आहे. अभिजीत खांडकेकरांनी किंवा कार्यक्रमात नव्याने आलेल्या गौरव मोरेंनी काय करायचं त्यात?

आणि खरं बोलायचं तर ज्यावर तक्रार व्हायला हवी त्यावर ती होतच नाही. मराठी टीव्हीवरचा विनोद वर्षानुवर्षं साडी नेसलेला पुरुष, जाड बाई, काळा रंग आणि बायकोची भीती यांच्याभोवती फिरतो. आमच्या झाडीपट्टीच्या मंचावरही हे दोष आहेत, काही वेळा अधिक उघडे आहेत. दोन अर्थांचे संवाद शेजारी बसलेल्या म्हातारीला खाली बघायला लावतात, हे मी पाहिलं आहे. यावर भांडा ना! नवा नट जुनाच हिणकस विनोद करत असेल तर त्याला धरा, जुना करत होता तर त्यालाही धरा. पण लोक भांडतात ते चेहऱ्यावरून. साबळे का नाहीत, भाऊ का नाहीत. साबळे आणि भाऊ कदम हे मोठे कलावंत आहेत, त्यांनी त्या कार्यक्रमाला जे दिलं ते कुणी नाकारत नाही. पण ते नाहीत एवढ्या कारणावरून मंचावर असलेल्या श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे यांना न पाहता नापास करणं, हे त्याच मंडळींच्या दहा वर्षांच्या कष्टांना लाथ मारणं आहे. तेही पहिल्या दिवसापासूनचेच ना?

झाडीपट्टीबद्दल शहाणी माणसं आणखी एक सांगतात. इथलं खरं नाटक कधीच संपलं, दंडार, खडी गंमत हे लोककलेचे प्रकार मागे पडले, आता उरलाय तो डान्स आणि पोस्टरवरचा टीव्हीचा चेहरा. डान्सचा अतिरेक झाला आहे, हे मला मान्य. मुंबईच्या नटाचा फोटो हातभर आणि इथल्या नटाचा चार बोटं, हे मला दर हंगामात टोचतं. तरी त्यावरून ‘संपलं’ हा निष्कर्ष निघत नाही. शंकरपटाचंच पाहा: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४पासून ते थांबले. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरले. मधल्या वर्षांत किती नावाजलेल्या जोड्या म्हाताऱ्या झाल्या, किती विकल्या गेल्या. नव्या जोड्या धावल्या तेव्हा कुणी म्हटलं का, की जुनी बैलं नाहीत तर पट भरवूच नका? पटाच्या कडेला उभं राहून लोकांनी नव्या जोडीचे सेकंद मोजले. बैलाला जो न्याय मिळतो तो माणसाला का मिळू नये?

कोरोनाच्या वर्षी हंगाम बुडाला तेव्हा या नटांनी काय केलं, ते गावातल्या माणसांना माहीत आहे. रोजीने गेले, भाजी विकली, कुणी धानाच्या चुरण्यावर राबले. ऑर्गन वाजवणारा, तबलजी, पडदे ओढणारा, सगळे बसून राहिले. त्यातले काही पुढे मंचावर आलेच नाहीत. जे आले ते वर्षभराने थकून, काही दात पडून, काही आवाज बसून आले. टीव्हीच्या नटाला लोकांनी नाकारलं तर त्याला दुसरी वाहिनी असते, चित्रपट असतो, मुंबईत व्यावसायिक नाटक असतं. वडशाच्या विनोदी नटाला भाऊबीज ते होळी एवढाच काळ असतो. त्यात ‘तो आता संपला’ ही अफवा दोन-चार मंडळांत पसरली की त्याच्या तारखा जातात, आणि तारखा गेल्या की घरी पोराची फी राहते. पानठेल्यावर सहज म्हटलेल्या वाक्याची ही किंमत आहे, आणि ती म्हणणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही.

म्हणून माझी मागणी मंडळांच्या पोरांकडे आहे. येत्या भाऊबीजेनंतर तुम्ही वडशाला नाटक ठरवायला जाल तेव्हा कार्यालयातल्या फलकावर एखाद्या जुन्या विनोदी नटाचं नाव दिसेल. तुमच्या बापाने त्याला पाहिलं असेल. बाप म्हणेल, आता त्याच्यात दम नाही. बापाला विचारा, शेवटचं कधी पाहिलं होतं? आणि त्याच नाटकाची तारीख घ्या. बापाला पुढच्या रांगेची खुर्ची द्या, दोन वाजेपर्यंत झोपू देऊ नका, आणि मग पहाटे त्यालाच विचारा.